न पडलेल्या स्वप्नाची मांडणी

हिवाळ्यात बारामतीहून भवानीनगरला जाणारी सकाळची एस.टी. अर्धी झोपेतच चालायची. आत सगळे पेंगत असत. ड्रायव्हर तेवढा जागा असावा, अशी माझी समजूत होती. खिडकीची काच एक तर लागायची नाही, आणि लागली तर उघडायची नाही. बाहेर उसाला तुरे आलेले, तुऱ्यांवर धुकं, आणि कारखाना जवळ येऊ लागला की मळीचा आंबूस-गोड वास. मी त्या वासातच लहानाची मोठी झाले, तरी दर आठवड्याला तो अंगावर आला की वाटायचं, आपण काही कामाबिमाला निघालेलो नाही. झोपेत कुणीतरी उचलून खांद्यावर टाकलंय आणि घेऊन चाललंय. मग कंडक्टर तिकिटासाठी टकटक करायचा आणि मी जागी व्हायचे.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. पुण्यात मानसशास्त्राचं शिक्षण घेऊन मी घरी परतले होते. आई शेजारीपाजारी सांगायची, डॉक्टरच आहे, फक्त गोळ्या देत नाही. त्यावर बायका विचारायच्या, मग देते काय? याचं उत्तर माझ्याकडेही नसायचं, म्हणून मला त्या बायकांचा राग यायचा. आठवडाभर मी बारामतीत एका मनोविकारतज्ज्ञांच्या हाताखाली काम करायचे आणि एक दिवस भवानीनगरला, एका खाजगी डॉक्टरांनी दिलेल्या मागच्या खोलीत बसायचे. तिथं सलाईनचे रिकामे खोके होते, तान्ह्या मुलांचा वजनकाटा होता, ट्रॅक्टरचं चित्र असलेलं कॅलेंडर होतं आणि बसायला दोन खुर्च्या. खिडकीतून कॅनॉल दिसायचा, त्यावरचा अरुंद पूल दिसायचा आणि पुलापलीकडच्या वस्त्या. कॅनॉलला पाणी सुटलेलं असलं की ते इतकं संथ जायचं की बघता बघता माझे डोळे जड व्हायचे. पेशंट यायला उशीर झाला तर मी बऱ्याचदा त्या पाण्याकडे बघत नुसती बसून राहायचे.

त्या वर्षी माझ्यामागे एक लिखाण लागलेलं होतं. मी जी उपचारपद्धती शिकत होते, विचार आणि वागणूक यांवर काम करणारी, तिच्यात उपचाराला हात घालण्याआधी पेशंटची एक मांडणी लिहावी लागते. पुस्तकात तिला केस फॉर्म्युलेशन म्हणतात. मी मनात मांडणीच म्हणायचे. आजाराचं निदान काय, दोन शब्दांत होतं. मांडणीत लिहायचं की याच माणसाला, याच दिवसांत हा त्रास का सुरू झाला. आणि सुरू झाला तो झाला, पण आता जात का नाही. प्रसंग कोणता, त्यावर मनात विचार काय आला, त्या विचारानं काय वाटलं, आणि मग माणसानं काय केलं. याच्या चौकटी काढायच्या आणि चौकटींमध्ये बाण. पुण्यातल्या ज्या मॅडमच्या देखरेखीखाली मी शिकत होते त्या म्हणायच्या, शेवटचा बाण वळून पहिल्या चौकटीला येऊन मिळत नसेल तर तुला अजून काही कळलेलं नाही. मॅडम गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या.

आता जिच्याबद्दल लिहिणार आहे, तिची ओळख पटेल असं सगळं मी पुसून टाकलं आहे. दिवाळी होऊन गेल्यावर ती पहिल्यांदा आली. वय कोवळंच. माहेर लोणी भापकरकडचं. सासर मूळचं कळसचं. आजेसासऱ्यांपर्यंत मेंढरं राखणारं घर, आता कॅनॉलपलीकडे वस्तीवर थोडी शेती आणि नवरा कारखान्यात कामाला. पहिला मुलगा माहेरी झाला. बाळंतपण आटोपून ती त्याला घेऊन सासरी आली आणि त्यानंतर हळूहळू तिनं त्याला घेणंच सोडलं. अंगावर पाजायची, पण शेजारी कुणी बसलेलं असेल तरच. न्हाऊ घालायची नाही, कडेवर घ्यायची नाही, त्याच्याजवळ एकटी थांबायची नाही. खोली देणाऱ्या डॉक्टरांनी मला पाठवलेल्या चिठ्ठीत एवढंच होतं, की आईला बाळाची ओढ नाही.

बाळाचं सगळं थोरली जाऊ करायची. दर खेपेला दोघी पूल ओलांडून चालत यायच्या, बाळ थोरलीच्या खांद्यावर. ती बाहेर बाकावर बसायची, ही आत यायची. थोरलीला मूल नव्हतं. ती दिसायला धिप्पाड, बोलायला कमी. बाळाची कुंची सारखी नीट करायची, नीट असली तरी करायची. मला ती फारशी आवडली नव्हती. मला वाटायचं, ही वाट बघत बसली आहे.

आणि वाट बघण्यासारखं होतंही. सासूबाईंनी, दोघी सुना त्यांना आत्या म्हणत, ठरवून टाकलं होतं की माघी पौर्णिमेला देवासमोर पोर थोरलीच्या ओटीत घालायचं. ओटीत घालायचं म्हणजे देऊन टाकायचं. घर तेच, अंगण तेच, चूलही तीच, पण त्या दिवसापासून तो आई म्हणणार थोरलीला आणि हिला काकी. पाहुण्यांना सांगावे गेले होते. तुला हे चालेल का, असं मी विचारलं तर ती म्हणायची, देवाची मर्जी. आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत राहायचं. ते ती पुसायचीही नाही.

ही देवाची मर्जी कळली होती स्वप्नातून. त्या घरात स्वप्नांना मान होता. मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे दिवस होते तेव्हा घरातल्या एका म्हाताऱ्याला ओढ्याकाठच्या मुक्कामात स्वप्न पडलं आणि त्यानं मेंढरांचा सगळा तळ उठवून वर माळावर नेला. पाठोपाठ ओढ्याला लोंढा आला. तेव्हापासून घरात रीत पडली. सकाळी चहाच्या वेळी सासूबाई सगळ्यांना विचारायच्या, काय पडलं का? आणि ज्याला जे पडलं ते त्यानं सांगायचं. नवऱ्याला म्हणे सारखी एस.टी. चुकल्याची स्वप्नं पडत. हे ऐकून मला त्या घराचा चक्क हेवा वाटला. आमच्या घरी सकाळी नळाला पाणी आलं का, यापलीकडे कुणी कुणाला काही विचारत नसे.

तर माहेराहून आल्यावर एका सकाळी हिनं सांगितलं की देव घोड्यावर बसून आला आणि म्हणाला, आईच्या हातानं लेकराला पाण्यावरनं नेऊ नको. कुणी शंका घेतली नाही. बाळाला डोस पाजायला, लस टोचायला पूल ओलांडून आणायचं काम थोरलीकडे गेलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की अंगणातला हौद म्हणजेही पाणीच. मग न्हाणंही आलंच. सासूबाईंनी स्वप्नाचा अर्थ एका जाणत्या माणसाला विचारला. त्यानं विचार केला आणि सांगितलं की आईचा हात नको, म्हणजे पोराचं भाग्य दुसऱ्या ओटीत आहे. त्याचंही काही चुकलं नाही. जेवढं समोर ठेवलं होतं त्यावरून त्यानं मांडणीच केली होती.

माझी पहिली मांडणी मी बारामतीला, दुपारी, आईच्या शिवणयंत्राच्या फळीवर कागद ठेवून लिहिली. लाईट गेलेले, बाहेर रसवंतीच्या घुंगरांचा आवाज, आई आत पाठ टेकून पडलेली. फार सुरेख उतरली होती ती मांडणी. बाळंतपणाचा थकवा, नवं घर, सासूचा शब्द, त्यातून आलेली उदासी, उदासीमुळे बाळापासून दूर राहणं, दूर राहिल्यानं आणखी उदासी. बाण वळून परत आला होता. स्वप्नाचं काय करायचं ते कळेना, म्हणून कोपऱ्यात एक ढग काढून त्यात लिहून टाकलं.

पुण्याला गेले तेव्हा मॅडमनी कागद बराच वेळ पाहिला आणि ढगावर पेन्सिल ठेवून विचारलं, हा कसला पाऊस? मी म्हटलं, सांस्कृतिक पार्श्वभूमी. त्या हसल्या नाहीत. कागदाखाली त्यांनी लिहिलं: ही बाई काय टाळते आहे, आणि टाळलं नाही तर काय होईल असं तिला वाटतं? एवढंच. परतीच्या गाडीत मी तो कागद मांडीवर घेऊन चिडून बसले होते. दौंडच्या पुढं ऊन उतरायला लागलं, बाभळींच्या सावल्या रस्त्यावर लांब झाल्या, राग हळूहळू विरला आणि मला गुंगी आली. त्या गुंगीत मला तिचा आवाज ऐकू येत राहिला, घोड्यावर बसून आला आणि म्हणाला, घोड्यावर बसून आला आणि म्हणाला.

तेव्हा जाणवलं की तिनं ते स्वप्न मला जेवढ्या वेळा सांगितलं, तेवढ्या वेळा त्याच शब्दांत सांगितलं होतं. माझी स्वप्नं तर दात घासेपर्यंतही टिकत नाहीत. एकदा सांगताना घर असतं, दुसऱ्यांदा सांगताना शाळा होते, माणसं बदलतात, आणि मधे एखादं कुत्रं येतं ते कुठून आलं ते कळतच नाही. तिच्या स्वप्नात कुत्रं नव्हतं. एक देव, एक घोडा, एक वाक्य. शाळेत पाठ केलेल्या उत्तरासारखं ते घट्ट होतं.

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा कॅनॉलला पाणी होतं आणि धुकं अजून पुरतं गेलं नव्हतं. खोटं बोलतेस का, असं विचारायचं नव्हतं मला. तसं विचारलं असतं तर ती उठून गेली असती आणि ते बरोबरच झालं असतं. मी विचारलं, ते स्वप्न पडलंच नसतं तर काय झालं असतं?

ती खिडकीबाहेर बघत राहिली. पुलावरून उसाची बैलगाडी जात होती, धुक्यात नुसते बैलांचे माथे दिसत होते. गाडी पार झाली.

“तर मला पोराला घिऊन पुलावरनं यावं लागलं असतं,” ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. माहेराहून आली त्या दिवशी ती आणि नवरा एस.टी.तून उतरून चालत निघाले. नवरा पिशव्या घेऊन पुढं, ही बाळ घेऊन मागं. पुलाच्या मध्यावर आली, कठडा गुडघ्याएवढाच, खाली पाणी. आणि मनात आलं, टाकून दे. कुणी बोललं नाही, कुणाचा आवाज नव्हता. आपलं आपल्याच मनात आलं. बाळाला छातीशी धरून ती पळत सुटली, नवऱ्याला वाटलं मागं कुत्रं लागलं. घरी आली तरी ते सुटेना. हौद दिसला की तेच, न्हाणीत बसली की तेच. मनात येतं त्या अर्थी आपल्या आत काहीतरी बसलंय, आपण वैरीण आहोत, एक ना एक दिवस हात तसं करणार, असं तिला वाटू लागलं. हे बोलायचं कुणापाशी? म्हणून तिनं ते देवाच्या तोंडी घातलं. त्या घरात न विचारता मानली जाईल अशी स्वप्न हीच एक गोष्ट होती.

मी घाबरले. घाबरले हे सरळ सांगते. तिला पुन्हा पुन्हा विचारलं, नीट विचारलं: झोप लागते का, आवाज ऐकू येतात का, मरावंसं वाटतं का, हा विचार आला की बरं वाटतं की अंगावर काटा येतो. तिला थांबवून मी समोरच्या एस.टी.डी. बूथवर गेले आणि मॅडमना फोन लावला. बूथवाले तात्या दार उघडं ठेवूनच बसायचे, म्हणून सगळं इंग्रजीत बोलले. तात्यांना वाटलं माझं परदेशी लग्न ठरतंय. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, तेच प्रश्न मला पुन्हा विचारले, बारामतीच्या डॉक्टरांनाही आजच्या आज कळव म्हणाल्या. शेवटी म्हणाल्या, असला विचार येत नाही अशी आई मला अजून भेटायची आहे. बहुतेकजणी त्याला येऊ देतात नि जाऊ देतात. हिचा लेकरावर इतका जीव आहे की हिनं त्या विचाराला अडवून त्याची झडती घेतली. आता बाळाला तिच्यापासून तोडणं म्हणजे तिच्या भीतीवर शिक्का मारणं. जा, तिच्यासोबत बसून मांडणी लिही. तिच्यावर नको, तिच्यासोबत.

बारामतीच्या डॉक्टरांनी तिला स्वतः तपासलं आणि त्यांचंही मत तेच पडलं. त्यानंतर आम्ही दोघी कागद घेऊन बसलो. ती सातवीपर्यंत शिकलेली. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. पहिली चौकट, पूल. दुसरी, टाकून दे. तिसऱ्या चौकटीपाशी आम्ही बराच वेळ रेंगाळलो, कारण तिला वाटायचं की दुसरी आणि तिसरी एकच आहेत. तसं नव्हतं. मनात आलं ही एक गोष्ट, आणि मनात आलं म्हणून मी वैरीण, ही दुसरी. या दोहोंच्या मधे एक बाण आहे हे तिला दिसलं, तेव्हा तिनं तो बाण पुन्हा एकदा गिरवला. मग भीती, थरथर, घाम. मग स्वप्न. ते कुठं ठेवायचं, मी विचारलं. तिनं भीतीच्या पुढं चौकट काढली, तीत सपान लिहिलं आणि तिथून दोन बाण काढले. एक लगेच मिळणाऱ्या सुटकेकडे: पोराला घ्यावं लागत नाही, जीव थंड होतो, आणि त्याला घेऊन काही होत नाही हे कधी कळतच नाही, म्हणून तो बाण वळून पुन्हा पुलाकडे. दुसरा बाण कागदाच्या काठाकडे, ओटीकडे. तो परत कुठं येत नव्हता.

“मी भ्याले म्हनून सपान सांगितलं,” ती कागदावर बोट ठेवत म्हणाली, “आन् सपान सांगितलं म्हनून पोर चाललं.”

माझ्या मांडणीतलं ते एकच वाक्य मी नंतर बदललं नाही. मॅडमना दिलेल्या कागदावरही ते तसंच ठेवलं.

पौष लागला. उसाची तोड जोरात होती, रस्त्यावर पाचटाचा खच, ट्रॅक्टरांवर मोठ्यांदा लावलेली गाणी, आणि चिमणीच्या धुरामुळे दुपारचं ऊनही जुनं झाल्यासारखं पिवळं दिसायचं. आम्ही लहान लहान गोष्टींपासून सुरुवात केली. दवाखान्यात तिनं बाळाला मांडीवर घ्यायचं, विचार आला तर येऊ द्यायचा, त्याला हाकलायचं नाही, त्याच्याशी भांडायचं नाही, आणि बाळाला खाली ठेवायचं नाही. ती घामानं निथळायची, पण ठेवायची नाही. घरी मात्र काहीच करता येत नव्हतं. घरात देवाचा शब्द होता आणि पौर्णिमा जवळ येत चालली होती.

एक दिवस ती म्हणाली, थोरलीला आत बोलवा, मला तिला सांगायचं आहे. मी नको म्हणाले. म्हणजे, नीट समजावून सांगितलं की हे कळल्यावर त्या घाबरतील, घरी सांगतील, मग पोर ओटीत घालायला आणखी एक कारण मिळेल. आधी नवऱ्याला सांगू, किंवा सासूबाईंना मी समजावते. मला खरोखर वाटत होतं की ही आपलं पोर आपल्या हातानं देऊन बसेल. ती ऐकेना. म्हणाली, आक्का त्याला न्हाऊ घालते, त्याच्यासाठी जागते; तिच्याशी खोटं वागून पोर ठेवून घ्यायचं मला जमणार नाही.

थोरली आत आली. तिला खुर्ची दिली तरी ती वजनकाट्याच्या टेबलाला टेकून उभीच राहिली, बाळ खांद्यावर झोपलेलं. हिनं खाली मान घालून सगळं सांगितलं, पूल, कठडा, पाणी, आणि देव आलाच नव्हता हेही. सांगताना ती कागदावरच्या चौकटींवर बोट फिरवत होती. बोलणं संपलं. बाहेर कंपाउंडर कुणालातरी गोळ्या समजावून सांगत होता, त्याचा आवाज येत राहिला. थोरलीनं बाळाची कुंची सारखी केली.

“मधी येतो का कडंला आल्यावर?” तिनं विचारलं.

“मधी.”

“मधीच येतो,” थोरली म्हणाली. “मला बी येतो. लस टोचायला आनलं तवा पयल्यांदा आला.”

हिनं मान वर केली. मग तिनं विचारलं, मग तुमी काय करता? थोरली म्हणाली, काय करनार, पोर घट धरती आन् म्होरं चालती. घरी भाकरी टाकायच्या असतात.

एवढ्यावर ती थांबली असती तरी चाललं असतं. माझ्या मांडणीला हवं होतं ते सगळं त्यात आलं होतं. पण ती थांबली नाही. ती हळू बोलत होती, बाळ उठू नये म्हणून.

“जिच्या मनात आसलं येतं तिच्यापाशी पोर ठिवायचं नसंल, तर माझ्या ओटीत बी घालता यायचं न्हाय. आत्याला मी सांगते.”

त्या खोलीत शिकलेली मी होते, डिग्रीवाली मी होते, पण त्या क्षणी मला नुसतं रडू येत होतं आणि मी कॅलेंडरवरच्या ट्रॅक्टरकडे बघत बसले. त्या बाईला आपण काय बोललो ते पुरतं कळत होतं. पौर्णिमेला नेसायची साडी तिच्या भावानं आणून ठेवली होती, हे ती मला आदल्याच आठवड्यात म्हणाली होती, मी न विचारता. ते तिचं माझ्याशी झालेलं जवळजवळ एकच बोलणं होतं.

तिनं आणखी एक सुचवलं. सकाळी चहाच्या वेळी मीच सांगते, मला सपान पडलं, देवानं पयला शब्द मागं घेतला. काम एका वाक्यात झालं असतं, आणि खरं सांगायचं तर मला ते पटलंही होतं. पण ही म्हणाली, नको आक्का, आता सपान नको.

तिनं सासूबाईंना स्वतः सांगितलं. काय काय झालं ते मला दोघींकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. सासूबाईंना त्या विचाराचं फारसं काही वाटलं नाही. म्हणाल्या, पोरं वाढवताना आमच्या मनात काय काय आलं, ते का आमी दवंडी पिटून सांगितलं? राग आला तो देवाच्या नावावर खोटं बोलल्याचा. नारळ घेऊन माफी मागायला लावली आणि पुढं बरेच दिवस हिच्या हातचा चहा घेतला नाही. सकाळी स्वप्न विचारताना हिला वगळायच्या. तिला त्याचं वाईट वाटायचं. मला मात्र मनातून बरं वाटलं, कारण घरात निदान एका माणसाची तरी आता रात्रीच्या गोष्टींतून सुटका झाली होती.

मग हौद झाला, न्हाणी झाली, एकटीनं पाजणं झालं. विचार येतच होता. तो येणार, हे आम्ही मांडणीतच लिहून ठेवलं होतं. राहिला होता पूल. पौर्णिमेला पाहुणे यायचे ते आले, जेवून गेले, ओटी तशीच राहिली, आणि त्यानंतरच्या माझ्या यायच्या दिवशी तिनं बाळाला घेऊन चालत यायचं ठरलं. थोरलीनं सोबत असायचं, पण तिला मी एक गोष्ट बजावून सांगितली होती. काहीही झालं, ती थांबली, रडली, खाली बसली, तरी पोराला घ्यायचं नाही. तुम्ही घेतलंत की तिला वाटणार, तुम्ही होतात म्हणून पोर वाचलं. थोरली हो म्हणाली. हे सांगताना माझी मलाच लाज वाटत होती, कारण आधीच सगळं देऊन बसलेल्या बाईकडे मी आणखी काहीतरी मागत होते.

त्या सकाळी मी दवाखान्याच्या पायरीवर उभी होते. कॅनॉल काठोकाठ भरून चालला होता, पाण्यावरून वाफ निघत होती, आणि पलीकडच्या वस्तीतून दोन बायका येताना दिसल्या. पुढची लहान, बाळ तिच्या कडेवर. मागून धिप्पाड. पुलाच्या मध्यावर आल्यावर पुढची थांबली.

ती थांबलेलीच राहिली. बाळ जागं होतं. त्यानं आईच्या खांद्यावरून मागं पाहिलं, रोजचं ओळखीचं तोंड दिसलं तशी त्यानं दोन्ही हात पुढं केले आणि थोरलीकडे झेपावायला लागलं. एवढ्या लांबून मला ते स्पष्ट दिसलं. आई वळली नाही, फक्त तिनं बाळाभोवतीचा हात आवळला. बाळ रडायला लागलं. थोरलीचे हात उठले, अर्ध्यावर आले, आणि मग तिनं ते मागं नेले आणि पाठीशी एकमेकांत गच्च धरून ठेवले. बाळ तिच्याकडे बघून रडतच होतं. ती तशीच उभी राहिली, पुढची चालू लागेपर्यंत.